यीस्टची पेशी विभागणार की जोडीदार शोधणार?

नमस्कार मंडळी, आज यीस्टबद्दल बोलायचंय, म्हणजे तेच जे बेकरीवाले पावाच्या पिठात घालतात ते. एकच पेशी, पण खायला भरपूर असलं की साधारण दीड तासात एकीच्या दोन होतात, अंगावर कळी येते, ती वाढते आणि सुटी होते. आणि हीच पेशी दुसरंही काही बनू शकते बरं का, जोडीदार भेटला तर त्याच्याशी एकजीव होते आणि अशी एकजीव झालेली पेशी उपासमार झाली तर बीजाणू करते, म्हणजे वाईट दिवसांत तग धरणाऱ्या पेशी. मग विभागायचं की रूप पालटायचं हे ठरतं कधी? मला विचाराल तर सगळी गंमत ह्या "कधी"मध्येच आहे.

यीस्टमध्ये दोन प्रकार असतात, ए आणि अल्फा. अल्फा पेशी १३ अमिनो अॅसिडचं एक छोटंसं पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा चिमुकला तुकडा, बाहेर सोडते, त्यावरून ए पेशीला कळतं की जोडीदार जवळ आहे. लॅबमध्ये ए पेशींवर हे पेप्टाइड टाकायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. ज्यांना अजून कळी आलेली नाही त्या तिथल्या तिथे थांबतात आणि एका बाजूने निमुळतं टोक काढायला लागतात, लॅबवाले ह्या आकाराला श्मू म्हणतात. पण शेजारीच जिला छोटी कळी आलीये ती मात्र ढिम्म, ती आधी डीएनएची कॉपी पुरी करणार, वाटणी करणार, विभागणार, आणि मगच त्या दोघी थांबणार. पेप्टाइड तेच, वेळ तीच, आणि वागणं बघा किती वेगळं!

ह्याचं कारण लीलंड हार्टवेल ह्यांच्या कामातून कळलं. त्यांनी १९७० च्या आसपास अमेरिकेत असे म्युटंट, म्हणजे जीनमध्ये बिघाड असलेले यीस्ट, जमवले जे तापमान वाढवलं की सेल सायकलच्या, म्हणजे एका विभागणीपासून पुढच्या विभागणीपर्यंतच्या फेरीच्या, ठराविक जागी अडतात, आणि त्यातून डीएनएची कॉपी सुरू व्हायच्या आधीची एक जागा सापडली, तिला ते स्टार्ट म्हणाले. ती ओलांडली की माघार नाही, विभागणी पुरी करायचीच. २००१ चं नोबेल त्यांना पॉल नर्स आणि टिम हंट ह्यांच्यासोबत मिळालं.

आता आत काय चालतं ते ऐका. जोडीदाराचा सिग्नल आला की फार१ नावाचं प्रोटीन विभागणी सुरू करून देणाऱ्या सायक्लिन नावाच्या प्रोटीनना अडवतं. पण तेच सायक्लिन आधी पुरेसे साठले असतील तर ते फार१ ला नष्ट करायला लावतात, शिवाय सिग्नल आत पोहोचवणारं स्टी५ नावाचं प्रोटीन पेशीच्या कडेला चिकटूच देत नाहीत, म्हणजे सिग्नल मुळातच तुटतो. दोघं एकमेकांवर कुरघोडी करतात म्हणून पेशी अर्धवट कुठे लटकत नाही. आणि हे हवंच, कारण प्रत्येकीत १६ क्रोमोसोम, म्हणजे डीएनएचे धागे, असतात, एकीने कॉपी काढून झाल्यावर जोडी जमली तर सगळा हिशोबच बिघडेल.

मला सगळ्यात जास्त भावतं ते आई आणि लेक पेशीचं प्रकरण, कळी देणारी ती आई आणि कळीतून सुटी झालेली ती लेक. जंगली यीस्टमध्ये पेशी आपला प्रकारच बदलू शकते, ए ची अल्फा किंवा उलटं, पण हे जमतं फक्त एकदा तरी कळी दिलेल्या आईला. विभागणीच्या शेवटी शेवटी अॅश१ ह्या प्रोटीनचा आरएनए, म्हणजे ते बनवायची कृती सांगणारा रेणू, अक्षरशः ओढून कळीच्या टोकाला नेला जातो, तिथे प्रोटीन बनतं आणि लेकीत प्रकार बदलणारं एचओ हे जीन बंद ठेवतं. आईत ते चालू होतं, तेही स्टार्टच्याच सुमारास, डीएनएची कॉपी व्हायच्या आधी, त्यामुळे पुढच्या विभागणीत आई आणि नवी लेक दोघीही बदललेल्या निघतात.

बीजाणूंचंही असंच. ए आणि अल्फा एक होऊन बनलेल्या पेशीला नायट्रोजन मिळेना आणि साखरही संपली की आयएमई१ जीन चालू होतं, आणि इथेही तेच सायक्लिन आड येतात, ते कमी झाल्याशिवाय हे जीन नीट चालत नाही. मधेच परत खायला दिलं तर पेशी एका टप्प्यापर्यंत माघारी फिरून साधी विभागणी करते, तो टप्पा गेला की मग कितीही साखर घाला, ती बीजाणू पुरे केल्याशिवाय थांबत नाही.