बर्मंडसीची आरोग्यगाडी

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठाला बर्मंडसी नावाचा भाग आहे, एकेकाळी कामगारांचा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथे एका गल्लीत कातडी कमावण्याची दुर्गंधी, तर पुढच्या गल्लीत जॅम शिजल्याचा वास यायचा. गोदीवर काम रोजच्या रोज मिळेलच याची खात्री नव्हती. दाटीवाटीच्या, ओल धरलेल्या घरांत क्षय आणि घटसर्प ठाण मांडून होते. ढेकणांचं तर विचारूच नका!

१९२२ साली इथल्या नगरपालिकेत मजूर पक्षाची सत्ता आली. एडा सॉल्टर महापौर झाल्या, लंडनमधल्या पहिल्या महिला महापौर. त्यांचे पती आल्फ्रेड सॉल्टर याच वस्तीतले डॉक्टर. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्यातच राहायचं, असा दोघांचा हट्ट होता. त्याची किंमतही त्यांनी मोजली: त्यांची एकुलती एक लेक जॉइस १९१० मध्ये स्कार्लेट फीव्हर या संसर्गजन्य तापाने गेली.

आता गंमत ऐका. आरोग्य खात्याने लोकांना समजवायला चक्क सिनेमे काढले, आणि तेही खात्यातल्याच माणसांनी. संध्याकाळी नगरपालिकेची गाडी कोपऱ्यावर उभी राहायची. वीज घ्यायची ती रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून. खांबात तशी सोय मुद्दाम करून घेतली होती. मग आपल्याकडच्या तंबूतल्या सिनेमासारखी पोरांची ही झुंबड! पडद्यावर दात घासणं, आंघोळ, स्वच्छ कपडे. चित्रपट मूक, त्यामुळे शेजारी उभं राहून बोलायला माणूस लागायचाच. मला विचाराल तर खरा फायदा त्याचाच.

पण घरात न्हाणीघर नाही, तिथे आंघोळीचा उपदेश करून काय उपयोग? पाणी चुलीवर तापवायचं, पत्र्याच्या टबात ओतायचं, आणि त्याच पाण्यात घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने उतरायचं. नगरपालिकेला हे ठाऊक होतं. १९२७ मध्ये ग्रेंज रोडवर सार्वजनिक स्नानगृहं उघडली, तिथे कपडे धुण्याचीही सोय केली. क्षयरोग्यांसाठी १९२६ मध्येच कृत्रिम सूर्यप्रकाशाचं, म्हणजे खास दिव्यांच्या प्रकाशाचं, उपचारकेंद्र सुरू झालं होतं. काही रुग्णांना तर नगरपालिकेने आपल्या खर्चाने स्वित्झर्लंडमधल्या लेझँ गावी उन्हाच्या उपचारासाठी धाडलं. कामगारवस्तीतला क्षयरोगी आल्प्सच्या उन्हात, करदात्यांच्या पैशावर! टीका झाली नसती तरच नवल. १९३६ मध्ये ग्रेंज रोडवरच आरोग्यकेंद्राची नवी इमारत उभी राहिली.

घरांच्या बाबतीत मात्र गाडं अडलं. जुनी वस्ती पाडून बागबगीच्यांतली एकेका कुटुंबाची छोटी घरं बांधावीत, हे सॉल्टर दांपत्याचं स्वप्न. बर्मंडसीतल्याच विल्सन ग्रोव्हला १९२८ च्या सुमारास तशी थोडी घरं झालीही. पण जागा अपुरी, माणसं फार, आणि वरिष्ठ सरकारी यंत्रणांचा कल बहुमजली इमारतींकडे. पुढची बरीचशी कुटुंबं मग जिने चढूनच नव्या घरात गेली.