कार्ड एकच बदला, पण भोकं सगळी पाडा

(सोलापुरात संगणकाचे विद्यार्थी आणि काही यंत्रमागधारक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पुढच्या रांगांत विद्यार्थी बसलेत आणि मागे कारखानदार मंडळी. मागच्यांना डेटाबेसशी देणंघेणं नाही आणि पुढच्यांतल्या बऱ्याच जणांनी माग जवळून पाहिलेला नाही, गाव सोलापूर असूनही! आज बोलायचंय डेटाबेसमधली, म्हणजे संगणकातल्या माहितीच्या साठ्यातली, एक नोंद बदलण्याबद्दल. म्हणून सुरुवात जकार्डपासून करतो, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रापासून.

आपल्या चादरीवरचा मोर किंवा फूल उमटतं ते जकार्डमुळे. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास ही युक्ती बसवली. पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ मागावर फिरत असते. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. कार्डात भोक असेल तिथली सुई आत शिरते, तिचा हूक जागेवर राहतो आणि उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. म्हणजे भोक हा जसा हुकूम आहे, तसा कोरा पुठ्ठा हाही हुकूमच आहे.

आता समजा, माळेतल्या एका कार्डावर एक भोक पाडायचं राहिलंय आणि तुम्ही त्या जागी नवं कार्ड बांधताय. नवीन पोरानं नव्या पुठ्ठ्यावर तेवढं एकच भोक पाडलं आणि कार्ड माळेत ओवलं. माग कुरकुर करणार नाही. त्या फेकीला एक धागा उचलेल, बाकीचे खाली ठेवेल आणि पुढं जाईल. नक्षी जितक्या वेळा फिरून येईल, तितक्या वेळा मोराच्या मानेवर आडवी रेघ.

डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये, म्हणजे जिथं एका गिऱ्हाइकाची किंवा मालाची सगळी माहिती एकाच नोंदीत ठेवतात तिथं, एक अख्खी नोंद काढून दुसरी ठेवणं, म्हणजे मोंगोडीबी या डेटाबेसमधला ‘रिप्लेसवन’ हा हुकूम, हे अगदी असंच चालतं. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: कुठली नोंद शोधायची ती अट आणि तिच्या जागी ठेवायची पूर्ण नवी नोंद. नव्या नोंदीत जे नाही, ते जुन्या नोंदीत असलं तरी गेलं. फक्त ‘अंडरस्कोअर आयडी’, म्हणजे नोंदीची स्वतःची ओळखखूण, तोच राहतो. तो बदलता येत नाही. नव्या नोंदीत वेगळा आयडी घातलात तर डेटाबेस चक्क नाही म्हणतो. माळेतली कार्डाची जागा तीच, कार्ड नवं. ‘अपडेटवन’ हा दुसरा हुकूम. त्याला ‘डॉलर सेट’, म्हणजे ‘एवढंच बदल’ ही खूण, लावून दिलं तर त्याचं काम वेगळं: जुन्याच कार्डावर पंच घेऊन एक भोक पाडायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. २०१३ चा जानेवारी, गड्ड्याची यात्रा तोंडावर, थंडीमुळे चादरीचा माल जोरात. एका कारखान्याचं बिलिंग मी बांधलं होतं. कर्नाटकातल्या एका व्यापाऱ्यानं दुकान हलवलं, म्हणून मालकांनी पत्ता बदलायला सांगितला. त्या काळी नुसता ‘अपडेट’ असा एक हुकूम होता. त्यात डॉलर सेट घातलं तर तो तेवढंच फील्ड, म्हणजे नोंदीतला तेवढाच रकाना, बदलायचा, घालायचं विसरलात तर अख्खी नोंद बदलून मोकळा. नाव एक, कामं दोन! मी विसरलो. नोंदीत उरलं काय, तर नवा पत्ता. नाव नाही, मोबाइल नाही, कराचा टिन नंबर नाही, उधारीची मर्यादा नाही. गाठी बांधून तयार आणि बिलावर नावाची जागा कोरी. मालक एवढंच म्हणाले, “पत्ता बदल म्हणलं होतं ओ, गिऱ्हाईक पुसा म्हणलं नव्हतं.” रात्री जुन्या बिलबुकातून एकेक ओळ शोधून मी ती नोंद परत भरली.

डिसेंबर २०१५ मध्ये मोंगोडीबीची आवृत्ती ३.२ आली, तेव्हापासून शेलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, रिप्लेसवन आणि अपडेटवन अशी दोन वेगळी नावं मिळाली. आता रिप्लेसवनला डॉलर सेट दिलं तर चूक दाखवतो आणि अपडेटवनला नुसती नोंद दिली तरीही दाखवतो. माझ्यासारखे बरेच जण पोळले असणार, असं मी समजतो.

अटीबद्दल थोडं. गिऱ्हाइकाच्या नावावरून नोंद शोधू नका. आपल्या गावात दुकानाच्या नावात ‘सिद्धेश्वर’ असणारे किती असतील, मोजून बघा. अटीत चार नोंदी बसल्या तरी रिप्लेसवन एकच बदलतो, जी आधी सापडेल ती. ती सगळ्यात जुनी असेल किंवा तुमच्या मनातली असेल, याची हमी नाही. आयडीनं शोधा, नाहीतर ज्यावर युनिक इंडेक्स आहे, म्हणजे जो दोन नोंदींत सारखा येऊच शकत नाही, अशा ग्राहक क्रमांकानं.

या हुकमांना जोडता येणारा ‘अपसर्ट’ हा पर्याय तर मला जपूनच वापरावासा वाटतो. तो चालू असेल आणि अटीत एकही नोंद बसली नाही, तर नवीच नोंद तयार होते. ग्राहक क्रमांकाचा एक आकडा चुकला की भुताचं गिऱ्हाईक हजर. आणि गंमत म्हणजे, अटीत लिहिलेला तो क्रमांक नव्या नोंदीत आपोआप येत नाही. अटीतला आयडी तेवढा घेतला जातो, बाकी तुम्ही दिलेली नोंद जशीच्या तशी.

आता खरी अवघड गोष्ट, आणि इथं मागची मंडळीही ऐका. काउंटरवर दोन मुनीम आहेत. दोघांनी एकाच टॉवेलची नोंद उघडली: एचएसएन (करासाठीचा मालाचा क्रमांक) ६३०२, शिल्लक ४०० डझन, भाव अमुक. पहिल्यानं शिल्लक ३५० केली आणि नोंद जतन केली. दुसऱ्याच्या पडद्यावर अजून ४०० च आहेत. त्यानं फक्त भाव बदलला, पण प्रोग्रॅमनं अख्खी नोंद परत पाठवली. शिल्लक पुन्हा ४००. गोदामात नसलेले ५० डझन कागदावर उगवले. एका नोंदीचं लिहिणं एकसंध असतं, अर्धी जुनी अर्धी नवी नोंद कुणालाच दिसत नाही. पण या घोटाळ्यापुढं त्याचा उपयोग नाही, कारण दोन्ही वेळी नोंद पूर्णच लिहिली गेली.

यावर उपाय म्हणजे नोंदीत आवृत्तीचा आकडा ठेवायचा. वाचताना ७ होता, तर अटीत आयडीसोबत ‘आवृत्ती ७’ लिहायचं आणि नव्या नोंदीत ८. मधे कुणी हात मारला असेल तर अट जुळणार नाही आणि उत्तरात ‘मॅच्ड काउंट’, म्हणजे अटीत बसलेल्या नोंदींचा आकडा, शून्य येईल. इथं अपसर्ट बंदच हवा. शून्य आलं की परत वाचायचं, परत विचारायचं. काउचडीबी या दुसऱ्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये ही शिस्त सक्तीची आहे. तिथं जुन्या आवृत्तीची खूण दिल्याशिवाय असलेली नोंद बदलताच येत नाही, ४०९, म्हणजे ‘टक्कर झाली’ या चुकीचा क्रमांक, म्हणून परत पाठवतात. मला ती सक्ती आवडते. मोंगोत मात्र ‘मॉडिफाइड काउंट’, म्हणजे खरोखर बदललेल्या नोंदींचा आकडा, शून्य पाहून घाबरू नका. नवी नोंद हुबेहूब जुन्यासारखी असेल तरीही तो शून्यच येतो.

मग रिप्लेसवन वापरायचाच नाही का, असं मघाशी एका मुलीनं विचारलं. वापरायचा की. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून रोज रात्री गिऱ्हाइकांची पूर्ण यादी येते, तिथं तोच बरा. तिकडून काढलेलं फील्ड इकडं भुतासारखं उरत नाही. सगळी माहिती एकाच फॉर्मवर असेल तिथंही चालतो. एका आकड्यासाठी मात्र अख्खी नोंद पाठवू नये.

आणि बदलायचंच असेल तर मी ‘फाइंड वन अँड रिप्लेस’ घेतो. तो न सांगता जुनी नोंद परत देतो, ती मी वेगळ्या कलेक्शनमध्ये, म्हणजे नोंदींच्या वेगळ्या गठ्ठ्यात, टाकून ठेवतो. कार्ड पंच करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं हे पाहिलं होतं. नवं कार्ड झालं की तो जुनं त्याच्यावर ठेवून दोन्ही खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. जिथं बदल केलाय तेवढी एक जागा सोडून बाकी सगळ्या भोकांतून उजेड आरपार दिसला, की मगच कार्ड माळेत. जुनं तो फेकत नसे, मागच्या खांबाला सुतळीनं टांगून ठेवायचा.