कागदी घोडे व्हिएन्नाला जातात

(दृश्य: मिलान शहराचं जुनं चित्र. अरुंद रस्ता, गाडीवाटेचे दगड.)

३ जानेवारी १८४८, ऑस्ट्रियाच्या ताब्यातलं उत्तर इटलीतलं मिलान. नवं वर्ष लागल्यापासून शहरात कुणी तंबाखू ओढत नाहीये. कुणी ओढताना दिसलाच, तर लोक त्याच्या तोंडातली सिगार हिसकावून पायाखाली चिरडतात. तब्येतीची काळजी हे काही त्याचं कारण नाही. तंबाखूचा मक्ता सरकारचा, मिठाचा सरकारचा, लॉटरीही सरकारचीच. एक सिगार पेटली की चार पैसे ऑस्ट्रियाच्या तिजोरीत जमा. म्हणून सिगार बंद, लॉटरीचं तिकीटही बंद.

त्या दिवशी छावणीतले ऑस्ट्रियन सैनिक टोळक्यांनी बाहेर पडले. तोंडात सिगारी, आणि धूर मुद्दाम लोकांच्या तोंडावर. आधी शिट्ट्या झाल्या, मग शिव्या, मग दगड. शेवटी तलवारी आणि संगिनी. पाच-सहा जण जिवानिशी गेले, कित्येक जखमी झाले. मेलेल्यांमध्ये अपील न्यायालयाचा एक वयोवृद्ध न्यायाधीश होता. सरकारी पगारावरचा, सरकारचाच माणूस.



(दृश्य: नकाशा. आल्प्सच्या दक्षिणेला लोम्बार्डी आणि व्हेनेत्सिया एका रंगात.)

मराठी वाचकाला हा काळ माहीत आहे तो मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांच्या बाजूने. १९०७ साली सावरकरांनी मॅझिनीचं लेखन मराठीत आणलं, इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली, आणि तेव्हापासून आपल्या मनात ऑस्ट्रिया म्हणजे इटलीच्या छातीवर बसलेला एक बिनचेहऱ्याचा जुलमी. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण आज आपण टेबलाच्या पलीकडे जाऊन बसणार आहोत, जिथे अर्ज स्वीकारले जात होते त्या बाजूला.

नेपोलियन हरला आणि ७ एप्रिल १८१५ रोजी लोम्बार्डी-व्हेनेत्सियाचं राज्य कागदावर जन्माला आलं. राजा म्हणजे व्हिएन्नात बसलेला हाप्सबुर्ग सम्राट फ्रान्सिस पहिला. प्रजा सुमारे पन्नास लाख. राजधान्या दोन, मिलान आणि व्हेनिस. दोन्हीकडे वेगळा गव्हर्नर, वेगळं सरकार. लोम्बार्डीला हाप्सबुर्गांची सवय शंभर वर्षांपासूनची होती. व्हेनिसचं तसं नव्हतं. हजार वर्षं स्वतःचं प्रजासत्ताक चालवलेलं ते शहर, नेपोलियनच्या तावडीतून सुटलं ते थेट ऑस्ट्रियाच्या ओंजळीत पडलं.

आता गंमत बघा. हा कारभार वाईट नव्हता.

(दृश्य: जुना मोजणी नकाशा, शेतांच्या रेघा, कडेला आकडे.)

हा नकाशा पाहा. एकेक शेत, एकेक बांध, प्रत्येक तुकड्याला नंबर. लोम्बार्डीची ही जमीन मोजणी १७१८ मध्ये सुरू झाली, मध्ये लढायांनी थांबली, आणि १७६० पासून सारा तिच्यावर बसू लागला. गावोगाव टेबल मांडून, दुर्बीण रोखून, दोन हजारास एक या प्रमाणात नकाशे काढले. शेतात तुतीची झाडं किती, हेसुद्धा मोजलं. इथे तुती म्हणजे रेशीम आणि रेशीम म्हणजे रोकड. पण खरी हुशारी पुढेच आहे. जमिनीची किंमत एकदा ठरली की ठरली. तुम्ही पाट काढा, खत घाला, नवी झाडं लावा, उत्पन्न दुप्पट करा. सारा वाढणार नाही. आळशाला भुर्दंड, कष्टाळूला बक्षीस. मिलानचा विचारवंत कार्लो कात्तानेओ या मोजणीचं कौतुक करायचा. हाच कात्तानेओ पुढे ऑस्ट्रियाविरुद्ध लढाईचं मंडळ चालवणार आहे.

शाळांचंही तेच. १८१८ च्या नियमांनी सहा ते बारा वर्षांच्या मुला-मुलींना शाळा सक्तीची केली. सक्ती कागदावर होती तितकी गावात नव्हती, हे ओघाने आलंच. तरीही १८६१ च्या खानेसुमारीत लोम्बार्डीत निरक्षर होते निम्म्याहून थोडे जास्त, आणि साऱ्या इटलीत चारातले तीन. आल्प्समधून स्टेल्व्हिओ घाटाचा रस्ता निघाला, २७५७ मीटर उंचीवरून. १८४० मध्ये मिलान ते मोन्झा आगगाडी धावली. १८४६ मध्ये खाडीवर २२२ कमानींचा पूल बांधून व्हेनिसला पहिल्यांदा जमिनीशी जोडलं.

आणि छोट्या गावांत होती 'कोन्व्होकातो', म्हणजे गावातल्या सगळ्या जमीनमालकांची सभा. गावचा खर्च, रस्ता, शाळेचा मास्तर, सगळं तिथे ठरायचं. जमीन बाईच्या नावावर असेल तर तिलाही मत होतं. तिने स्वतः यायचं नाही, मुखत्यार पाठवायचा. पण मत तिचंच.

(विराम. दृश्य: मेणाच्या शिक्क्याचा लिफाफा.)

मग बिनसलं कुठे?

आपल्याकडे म्हणतात, सरकारी काम आणि सहा महिने थांब. इथे थांबायचं कारण भूगोलात होतं. गावाचा कागद तालुक्याच्या कमिशनरकडे, तिथून प्रांताच्या डेलिगेटकडे, तिथून मिलानच्या गव्हर्नरकडे, आणि जरा महत्त्वाचं काही असेल तर आल्प्स ओलांडून व्हिएन्नाला. मिलानमध्ये व्हाइसरॉय होता, आर्चड्यूक राइनर, खुद्द सम्राटाचा भाऊ. सभ्य माणूस, झाडाझुडपांचा शौकीन. पण हातात अधिकार म्हणाल तर जवळजवळ नाहीत. लोकांचं म्हणणं मांडायला दोन्ही राजधान्यांत मध्यवर्ती मंडळं होती, त्यांत जमीनदार आणि शहरांचे प्रतिनिधी बसत. त्यांनी विनंती करायची, निर्णय वर व्हायचा. आणि वर बसलेला फ्रान्सिस हा स्वभावाने सम्राट कमी आणि हेडक्लार्क जास्त. फाइल स्वतः वाचायची, शेरा स्वतः मारायचा, आणि बारीकसारीक गोष्टसुद्धा खाली सोडायची नाही.

किती बारीक, ते सांगणारा एक प्रसंग आहे.

(दृश्य: टेकडीवरचा स्पीलबर्ग किल्ला, ब्रनो.)

१८२० मध्ये मिलानमध्ये काही तरुण पकडले गेले. आरोप होता कार्बोनारी या गुप्त संघटनेत असल्याचा. त्यांतला एक कवी सिल्व्हिओ पेल्लिको, दुसरा संगीतकार पिएरो मारोन्चेल्ली. फाशीची शिक्षा झाली, मग सम्राटाने ती 'दयेने' बदलली: एकाला १५ वर्षं, दुसऱ्याला २०, मोरावियातल्या स्पीलबर्ग किल्ल्यात, पायात बेड्या घालून. तिथे मारोन्चेल्लीच्या गुडघ्याला गाठ आली. वाढत वाढत पाय सडला. डॉक्टर म्हणाले, कापायलाच हवा. पण कैद्याचा पाय डॉक्टरने कसा कापायचा? त्याला परवानगी लागते. परवानगी व्हिएन्नाहून येते.

अर्ज गेला. माणूस कोठडीत तळमळत पडला. मंजुरी आली, आणि १८२८ मध्ये पाय मांडीपासून कापला. भूल नावाची गोष्ट तेव्हा नव्हतीच. काम संपलं, तेव्हा मारोन्चेल्लीने खिडकीत पेल्यात ठेवलेलं गुलाबाचं फूल मागितलं आणि म्हाताऱ्या शल्यवैद्याच्या हातात दिलं: तुम्हाला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही. वैद्याने फूल घेतलं, आणि तो रडला.

हे आपल्याला कळतं कारण पेल्लिको त्याच कोठडीत होता. १८३० मध्ये दोघे सुटले, आणि १८३२ मध्ये त्याने तुरुंगाच्या आठवणी छापल्या. त्यात ऑस्ट्रियाला शिव्या नाहीत, क्रांतीची हाक नाही. आहे तो एक देवभोळा, थकलेला माणूस आणि त्याचे जेलर. पुस्तक युरोपभर गेलं. एखादी लढाई हरण्यापेक्षाही या पुस्तकाने ऑस्ट्रियाचं जास्त नुकसान केलं, असं तेव्हापासून म्हटलं जातं. मला ते पटतं. क्रूर राजा लोकांना समजतो. पाय कापायला सही मागणारी कचेरी समजत नाही.

(दृश्य: व्हेनिस. पाण्यावरचं धुकं.)

परत १८४७-४८ च्या हिवाळ्यात येऊ. व्हेनिसमध्ये दानिएले मानिन नावाचा एक वकील. ठेंगणा, चष्मेवाला, कायम आजारी. त्याची युक्ती साधी होती: बंड करायचं नाही, कायदा वाचायचा. १८१५ च्या सनदेत मंडळांना लोकांच्या अडचणी सम्राटापुढे मांडायचा हक्क दिलाय ना? मग मांडा. त्याने तसा अर्जच केला. त्याचा मित्र, लेखक निकोलो तोम्मासेओ, भर सभेत उभा राहिला आणि सेन्सॉरशिपचा १८१५ चा कायदा वाचून म्हणाला, हा कायदा चांगला आहे, फक्त सरकारने तो पाळावा. सरकारचेच कागद सरकारच्या तोंडावर. त्याच डिसेंबरात मिलानच्या मंडळातही नाझारी नावाच्या सदस्याने लोकांच्या असंतोषाची चौकशी करायची मागणी केली होती.

शहाण्या सरकारने इथे वाटाघाट केली असती. १८ जानेवारी १८४८ रोजी मानिन आणि तोम्मासेओ, दोघांनाही अटक झाली.

दोन महिन्यांनी व्हिएन्नातच क्रांती झाली. ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटरनिख, ज्याने इटलीला नुसती 'भौगोलिक संज्ञा' म्हटलं होतं, पळून गेला. १७ मार्चला बातमी मिलानला पोचली, आणि १८ तारखेला जमाव सरकारी वाड्यावर चालून गेला. गव्हर्नर गावात नाही. व्हाइसरॉय आदल्या दिवशीच निघून गेलेले. सापडला तो उपगव्हर्नर ओडोनेल. त्याच्यासमोर लोकांनी काय ठेवलं असेल? कागद! नागरी सुरक्षादल उभारायचं, पोलीस खातं बरखास्त, त्यांची शस्त्रं नगरपालिकेकडे. बिचाऱ्याने सह्या केल्या. तेहतीस वर्षांत इतका झटपट निर्णय त्या कचेरीत बहुधा कधीच झाला नसेल.

(दृश्य: बॅरिकेड्स. चर्चची बाकं, उलटवलेल्या बग्ग्या, सोफे.)

मग पाच दिवस गल्लीगल्लीत लढाई. समोर ८१ वर्षांचा फील्ड मार्शल रादेत्स्की आणि त्याची कसलेली फौज. लोकांकडे जुन्या बंदुका, छपरावरची कौलं, आणि खेड्यांकडे निरोप घेऊन उडवलेले कागदी फुगे. या धामधुमीत पोलीस खात्यातला बोल्झा सापडला, शहराने सर्वात जास्त द्वेष केलेला माणूस. काय करायचं, असं कात्तानेओला विचारलं. तो म्हणाला, माराल तर न्याय होईल, सोडाल तर पुण्य होईल. सोडला.

२२ मार्चच्या रात्री रादेत्स्कीने शहर सोडलं. त्याच दिवशी व्हेनिसमध्ये, तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या मानिनने प्रजासत्ताकाची घोषणा केली.

पुढचं भराभर सांगतो. शेजारच्या पिएमोन्त या इटालियन राज्याचा राजा मदतीला आला, कुस्तोझाला हरला, नोव्हाराला पुन्हा हरला. ऑगस्ट १८४८ मध्ये रादेत्स्की मिलानमध्ये परतला. व्हेनिस एकटं वर्षभर झुंजलं; उपासमार, कॉलरा, तोफा, शिवाय फुग्यांना बांधून सोडलेले बॉम्ब. ऑगस्ट १८४९ मध्ये तेही पडलं.

आता कारभाराची सूत्रं रादेत्स्कीकडे आली. म्हाताऱ्याने एक गोष्ट बरोबर ओळखली होती: बंड केलं ते सरदारांनी, वकिलांनी, शहरातल्या पोरांनी. शेतमजुराला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. मग श्रीमंत घराण्यांवर जबर वसुली, पळून गेलेल्यांच्या जमिनींवर जप्ती, आणि कुळांकडे मायेची नजर. काही खेड्यांत 'रादेत्स्की झिंदाबाद' अशा घोषणाही झाल्या. राष्ट्रवादी इतिहासांना हे पान जरा अडचणीचं जातं.

लोम्बार्डीतल्या मांतोव्हा शहरात एक पाद्री होता, एन्रिको तात्सोली. मॅझिनीच्या कर्जरोख्यांचे पैसे गुप्तपणे जमवायचा, आणि हिशेब चोख ठेवायचा, सांकेतिक लिपीत. वही पोलिसांच्या हाती लागली. लिपी उलगडली, तेव्हा किल्ली निघाली ती लॅटिनमधली रोजची प्रार्थना, 'हे आमच्या पित्या'. वहीतली नावं वाचून माणसं उचलली गेली. ७ डिसेंबर १८५२ रोजी तात्सोली आणि आणखी चौघांना बेल्फिओरेत फासावर चढवलं. नोंदी नीट ठेवायची सवय या राज्यात दोन्ही बाजूंना होती.

(दृश्य: मोन्झाचा लोहमुकुट.)

१८५७ मध्ये व्हिएन्नाला उशिरा शहाणपण सुचलं. आता गादीवर असलेला सम्राट फ्रान्झ योसेफ, त्याचा तरुण भाऊ माक्सिमिलियान गव्हर्नर जनरल म्हणून आला, हसरा, सुधारणावादी. त्याच्या सुधारणांच्या प्रस्तावांचं काय झालं, हे तुम्ही ओळखलं असेलच. दोन वर्षांत सोल्फेरिनोची लढाई झाली आणि लोम्बार्डी गेली. जाताना ऑस्ट्रियाने मोन्झाचा लोहमुकुट, म्हणजे इटलीच्या राजांचा जुना राजमुकुटही सोबत नेला. १८६६ मध्ये व्हेनेत्सियाही सुटली, पण ऑस्ट्रियाने ती इटलीच्या हातात द्यायला नकार दिला. आधी फ्रान्सला दिली, आणि १९ ऑक्टोबरला व्हेनिसच्या एका हॉटेलात फ्रेंच जनरलने ती सहीनिशी पुढे सोपवली. दोन दिवसांनी सार्वमत झालं. सहा लाखांहून जास्त 'हो', आणि 'नाही' फक्त ६९.

मोजणीचे नकाशे तसेच राहिले. नव्या राज्यालाही सारा गोळा करायचाच होता. मुकुट मोन्झाला परत आला. कोन्व्होकातो मात्र इतिहासजमा झाली. १८६५ च्या नव्या इटालियन कायद्याने गावच्या निवडणुकांतून बायकांना वगळलं, आणि जमीनमालकीण बाईचा मुखत्यार गावच्या सभेत यायचा बंद झाला.

(दृश्य: नकाशावरचं एक शेत, त्यावरचा नंबर. काळा पडदा.)