टोळी निघण्याआधी बीपी

दसरा झाला की बीड, जालना, धाराशिवकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतील. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. बीपीची गोळी रोजची असते आणि तुमचं उपकेंद्र त्यांच्यासोबत जात नाही. म्हणून समोर बसलेल्या आशाताई, सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी आज या पाच-सहा महिन्यांबद्दल बोलायचं आहे. पण त्याआधी मोजमाप, कारण चुकीच्या आकड्यावर दिलेली गोळी कितीही नियमित घेतली तरी काय उपयोग?

आपल्या ओपीडीत माणूस उन्हातून चालत येतो, तंबाखूची चिमूट तोंडात असते, स्टुलावर टेकतो आणि लगेच दंडाला पट्टा. हा आकडा त्याचा नाही, त्या चालण्याचा आणि तंबाखूचा आहे. चहा, तंबाखू, मिश्री यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन यायला सांगा, मूत्राशय भरलेलं असलं तर वरचा आकडा 10 पेक्षाही जास्त अंकांनी चढू शकतो. मग पाठीला आधार असलेल्या खुर्चीत पाच मिनिटं शांत बसवा. दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या उंचीला येईल. हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढीव येतो. पट्टा उघड्या दंडावर बांधा, सदऱ्याच्या बाहीवरून नको. मशीन चालू असताना "मुलगा काय करतो?" असं विचारू नका, बोलण्यानंही आकडा चढतो.

पट्ट्याच्या मापाकडं कुणाचं लक्ष नसतं. नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडाला तोच लावला तर बीपी नसलेला माणूस रुग्ण ठरतो. आपल्याकडं उलटी चूकही तेवढीच घडते. कष्टानं वाळलेल्या बाईचा दंड 20 सेंटीमीटरचा असतो, त्यावर तो पट्टा सैल पडतो, आकडा खोटा कमी येतो आणि तिचा आजार तसाच झाकून राहतो. शिंप्याची टेप टेबलावर ठेवा आणि दंड मोजा.

पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर मोजा. पुढं ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात धरा. एकेक मिनिट थांबून तीन वेळा मोजा, पहिला आकडा सोडा आणि उरलेल्या दोन्हींची सरासरी लिहा. ती 140/90 किंवा जास्त असेल तर एक ते चार आठवड्यांत पुन्हा बोलवा, तेव्हाही तशीच आली तर निदान पक्कं. घरी मशीन असेल तर तिथली हद्द 135/85. अमेरिकेत 2017 पासून 130/80 लाच उच्च रक्तदाब म्हणतात, मोबाइलवर ते वाचून कुणी घाबरून येईल. आपलं निदान 140/90 वरच होतं. मात्र मधुमेह, किडनीचा किंवा हृदयाचा आजार असलेल्याचा वरचा आकडा 130 च्या खाली आणायचा आहे, बाकीच्यांना 140/90 च्या खाली पुरे. 180/110 च्या पुढं आकडा असेल तर महिनाभर वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यातलं काहीही असेल तर थेट 108. बीपी झटकन उतरवायला जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून टाकायची जुनी सवय सोडा. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो.

सुरुवात बहुधा अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमनं होते. तिचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो, तेव्हा दोन दिवसांत "गोळी लागू पडत नाही" असं ठरवू नये. महिन्यानं मोजा. कमी नसेल तर आधी विचारा, गोळ्या चुकल्या का? कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक चालू आहे का? ऊसतोडीत ती गोळी फुटाण्यासारखी खाल्ली जाते आणि ती बीपी चढवते, किडनीलाही मारते. हे तपासल्यावरच डॉक्टर टेल्मिसार्टन 40 जोडतात, मग 80 करतात आणि शेवटी क्लोरथॅलिडोन 12.5. अम्लोडिपिननं पायाला सूज येऊ शकते. ती किडनीची नसते, पण खात्री करून घ्या. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही. तरुण बाईला पाळीची तारीख विचारल्याशिवाय ती देऊ नये.

क्लोरथॅलिडोननं लघवी वाढते. फडात आडोसा नसतो, म्हणून बाया पाणी कमी पितात आणि गोळी टाळतात. हे त्या आपणहून सांगणार नाहीत, तुम्हीच विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी बदलता येते. मार्चच्या उन्हात घाम, जुलाब, उलट्या झाल्या की याच गोळीनं सोडियम-पोटॅशियम घटतं, पायात गोळे येतात, चक्कर येते. जुलाब-उलट्या असेपर्यंत क्लोरथॅलिडोन आणि टेल्मिसार्टन थांबवून जवळच्या दवाखान्यात दाखवायचं, हे निघण्याआधी समजावून सांगा.

मीठ दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत हवं. चार माणसांच्या घरात किलोची पिशवी 50 दिवस पुरली पाहिजे, तीही लोणचं, पापड, ठेचा धरून. सैंधवही मीठच आहे. पोटॅशियमचं मीठ (कमी सोडियमचं म्हणून मिळतं ते) किडनीच्या रुग्णाला किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता टोळीचं. निघण्याआधी जितक्या दिवसांच्या गोळ्या देता येतील तितक्या द्या. कार्डावर गोळीचं नाव, ताकद आणि शेवटचा आकडा मोठ्या अक्षरात लिहा, त्याचा फोटो घरातल्या फोनमध्ये ठेवायला सांगा. कार्ड कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, भिजतं, फोन जपला जातो. कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात ते दाखवून गोळ्या मागता येतात. टेल्मिसार्टन दमटपणानं खराब होते, म्हणून पाकिटातून काढून डबीत भरू नका. मुकादमालाही सांगा की बीपीची गोळी एकदा सुटली की आठवड्यात आकडा चढू लागतो आणि दुखत काहीच नाही.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात बसून आणि उभं राहून मोजा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 नं पडला तर औषध कमी करावं लागेल. ज्यांना टेल्मिसार्टन किंवा क्लोरथॅलिडोन चालू आहे त्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम त्याच वेळी तपासायला पाठवा.