सगळा खेळ कडांचा

मंडळी, पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. विषय ‘बी-२१ रेडर, नवा स्टेल्थ बॉम्बर कसा घडला’ असा जाहीर झालाय, म्हणजे रडारला चकवणारं अमेरिकेचं नवं बॉम्बफेकी विमान, त्यावर येतोच, पण आधी एक सांगू द्या. आपल्याकडे लोहगावचं सुखोई डोक्यावरून गेलं की विमानांचा विषय निघतो, आणि मग कोणीतरी हमखास म्हणतं, स्टेल्थ म्हणजे काय, काळा रंग फासला की झालं, रडारला दिसत नाही. नाही हो! रंग सगळ्यात शेवटी. आधी आकार, आणि आकारातसुद्धा सगळा खेळ कडांचा.

हे पहिल्यांदा नीट गणितात मांडलं प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने. १९६२ साली मॉस्कोत त्याचं एक छोटं पुस्तक आलं, रेडिओलहरी एखाद्या वस्तूच्या धारेवर आपटल्या की कुठे कुठे विखुरतात त्याचं गणित. आता बघा, आरसा तिरका धरून टॉर्च मारला तर उजेड भलतीकडे जातो, तुमच्या डोळ्यात येत नाही, पण आरशाची कड मात्र चमकतेच. त्या चमकेचा हिशोब या माणसाने दिला. सोव्हिएत लष्कराला त्यात काही दिसलं नाही म्हणून पुस्तक खुलेआम छापलं गेलं, १९७१ मध्ये अमेरिकन हवाई दलाने ते इंग्रजीत करून घेतलं. आणि तिथे लॉकहीड या विमान कंपनीत डेनिस ओव्हरहोल्सर नावाच्या गणितज्ञाने हा रटाळ कागद बसून वाचला! मला या माणसाचं फार म्हणजे फार कौतुक आहे, कारण लिहिणारा मिळतो, वाचणारा मिळत नाही. त्या गणितावरून प्रोग्राम लिहिला, त्यातून १९७७ ला हॅव ब्लू हे चाचणीचं विमान उडालं आणि पुढे एफ-११७ हे स्टेल्थ विमान आलं. ते असं पैलू पाडल्यासारखं का दिसतं माहितीये? तेव्हाच्या कॉम्प्युटरला सपाट पृष्ठभागांचाच हिशोब झेपायचा. बी-२ या पुढच्या स्टेल्थ बॉम्बरच्या वेळेपर्यंत मशीन सुधारली, म्हणून ते गोलाईदार. उफिम्त्सेव स्वतः १९९० मध्ये अमेरिकेत शिकवायला गेला.

बरं, चिठ्ठी आलीये, वेळ संपत आलाय, तर आता भराभर.

कड फक्त पंखाला असते असं नाही. झाकणाची फट, स्क्रूचं डोकं, पॅनेलचा जोड, सगळ्या कडाच. बी-२ ला सुरुवातीला या फटांवर टेप आणि लांबी, म्हणजे पुट्टी, लावायचे. आतलं काही दुरुस्त करायचं तर टेप काढा, पॅनेल उघडा, काम करा, परत लांबी भरा आणि ती सुकेपर्यंत विमान उभं ठेवा. शिवाय तापमान-आर्द्रता सांभाळणारे हँगर. १३२ विमानं बनवायची होती, झाली २१, खर्चही अफाट झाला आणि मधल्या काळात शीतयुद्ध पण संपलं.

बी-२१ चं खरं वेगळेपण इथे आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात नॉर्थ्रॉप ग्रुमन कंपनीला बी-२१ चं कंत्राट मिळालं तेव्हाच अट होती की १०० विमानांच्या हिशोबाने सरासरी किंमत २०१० च्या डॉलरमध्ये ५५ कोटींच्या आत बसली पाहिजे. म्हणजे संख्येने परवडेल असं, आणि निगा राखायलाही सोपं असं स्टेल्थ पहिल्या दिवसापासून मागितलं होतं. २ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियात पामडेलला विमान जगाला दाखवलं, १० नोव्हेंबर २०२३ ला पहिलं उड्डाण करून ते एडवर्ड्स तळावर उतरलं. लोक वेग विचारतात, पल्ला विचारतात. मी म्हणतो, उतरल्यावर ते दुसऱ्या दिवशी परत उडू शकतं का ते विचारा! जे हँगरमध्ये सुकत पडलंय त्याला रडारने पाहिलं काय न पाहिलं काय.

आणि आपलं? डीआरडीओने १ जुलै २०२२ ला चित्रदुर्गला पायलट नसलेलं फ्लाइंग विंग, म्हणजे जवळपास नुसता पंखच असलेलं विमान, उडवलंय. लहान आहे, नमुना आहे, पण उडालंय. त्यावर बोलायचं असेल त्यांनी चहाला थांबा, मी आहे.