पाकोळी वळेपर्यंत

हिवाळ्यात पाकोळ्या, म्हणजे स्विफ्ट पक्षी, ओळखायच्या असतील, तर सह्याद्रीतला एखादा उंच कडा गाठावा. सपाटीवरून वर पाहणाऱ्याला उजळ आकाशासमोर केवळ काळी आकृती दिसते. कड्यावर मात्र थवा आपल्या पायांच्या खालून जातो आणि पाकोळीची पाठ नीट पाहायला मिळते. शेपटीच्या मुळाशी असलेला पांढरा पट्टा, म्हणजे ओळखीची मोठी खूण, पाठीवरच असतो.

आधी उडताना पाकोळीसारख्याच भासणाऱ्या भिंगऱ्या, म्हणजे स्वॅलो, वगळाव्यात. या दिवसांत विजेच्या तारांवर ओळीने बसतात त्या भिंगऱ्या; पाकोळीच्या चिमुकल्या पायांना खडबडीत भिंतीला नख्यांनी लटकता येते, तारेवर बसता येत नाही. तुरा असलेली वृक्ष-पाकोळी वाळक्या फांदीवर खुशाल बसते, पण तिचे कुळच वेगळे.

पुलांखाली आणि जुन्या कमानींत वर्षभर राहणारी छोटी पाकोळी जेमतेम १२ सेंटिमीटरची असते. तिचा पांढरा पट्टा रुंद, आणि शेपटी आखूड व चौकोनी. घोळ होतो तो हिमालयात वीण उरकून हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरणाऱ्या ब्लाइथच्या पाकोळीमुळे, कारण पांढरा पट्टा तिलाही असतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणाच्या अभ्यासानंतर तिला पॅसिफिक पाकोळीहून वेगळी जात मानले जाऊ लागले, म्हणून जुन्या नोंदींतले नाव जपून वाचावे लागते. तिचा पट्टा अरुंद, अंग लांबट आणि शेपटी खोल दुभंगलेली असते. पण सरळ उडताना ती शेपटी मिटून घेते आणि दुभंग एका टोकात लपतो. उलट, छोट्या पाकोळीने वळताना शेपटी पसरली, की तिची चौकोनी कड गोल भासते. एका झलकेवर नाव ठरवणे म्हणूनच धोक्याचे. तोच पक्षी दोन-तीनदा वळेपर्यंत दुर्बीण त्याच्यावरून हलवू नये.

शेपटी सुईसारखी मिटलेली आणि पाठीवर पांढरे काहीच नाही, अशी सडपातळ पाकोळी दिसली तर आसपास ताड किंवा माड शोधावा. ताड पाकोळी झावळीला लाळेने पिसे चिकटवून घरटे करते आणि झाडापासून फारशी दूर जात नाही.

अल्पाइन पाकोळी त्या मानाने सोपी. अर्ध्या मीटरहून मोठा पंखविस्तार, पांढरे पोट, छातीवर तपकिरी पट्टा आणि संथ, खोल पंखांचे फटके दुरूनही कळतात. ती टेकेल आणि मग सावकाश पाहू, ही आशा मात्र ठेवू नये: स्वित्झर्लंडमधल्या अल्पाइन पाकोळ्यांवर बसवलेल्या इवल्याशा नोंदयंत्रांवरून त्या हिवाळी स्थलांतरात सुमारे २०० दिवस हवेतच राहिल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले.

सूर्य कड्याच्या पातळीवर आला, की पांढरा पट्टाही तांबूस दिसू लागतो. त्यानंतर खालून जाणाऱ्या थव्यापुढे आम्ही वहीत ‘पाकोळी, जात अनिश्चित’ एवढेच लिहितो आणि दुर्बीण पिशवीत ठेवतो.