वाघाला काय म्हणायचं?

(सकाळ. सागाचं जंगल, धारणीकडे जाणारा रस्ता.)

हे मेळघाट. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत याचं नाव होतं. इथल्या पोरांना वाघ शिकवावा लागत नाही. तरी जिल्हा परिषदेच्या या दोनशिक्षकी शाळेत गोंधळ झाला तो वाघावरूनच.

सर नवे होते. पहिलीच्या वर्गात त्यांनी वाघाचं चित्र धरलं. "हे काय?" पोरं एका सुरात ओरडली, "कुला!" सरांनी डोळे वटारले. मराठीत या शब्दाचा अर्थ भलताच. पोरं गप्प झाली, ती गप्पच राहिली. कोरकूत, म्हणजे पोरांच्या घरच्या भाषेत, कुला म्हणजे वाघ, हे सरांना कळायला दिवाळी उजाडली. तेही खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडून.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीच्या गोतातली. पोरांच्या हाती पडतं ते पुस्तक मात्र मराठी.

(फळा, जवळून.)

मधोमध खडूची उभी रेघ. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. कुला, वाघ. सिम, कोंबडी. लिपी दोन्हीकडे देवनागरीच. म्हणून इथे 'स' सशाचा नाही, सिमचा. सिम रोज अंगणात दिसते. तिचं अक्षर दोन दिवसांत बसतं. सरांचा उच्चार चुकला की पहिल्या पट्टीवरची मुलगी त्यांना थांबवते, पुन्हा म्हणायला लावते. तिसऱ्या खेपेला सर पास.

परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार सगळं आहे. सुविचार वहीतून वाचला जातो आणि तिथेच राहतो, हे कुठल्याही शाळेत बघा. इथे त्यानंतर एकजण उभा राहतो आणि काल घरी काय झालं ते सांगतो, जमेल त्या भाषेत. दुसरा ते मराठीत सांगतो. आजचा दुभाष्या तिसरीतला आहे. होळीनंतर तर फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागत फिरल्याच्या गोष्टी आठवडाभर पुरतात.

आज सांगायला उभ्या राहिलेल्या या मुलाचा बैल काल जंगलातून परतला नाही.

(इथे निवेदन नको. मुलाचा आवाज पूर्ण राहू द्या.)

शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या कलम २९ मध्ये मातृभाषेतून शिकवा असं आहे, पण 'शक्य असेल तेथवर'. सरांची मे महिन्यात बदली आहे.

(शाळा सुटलेली. रिकामा वर्ग. फळ्यावर रेघ.)